डब्यातला उपग्रह आणि त्याची छत्री

लेखक : ऊस विकास अधिकारी



या पानावर आपण नेहमी बेणे, खते, पाण्याच्या पाळ्या आणि हुमणी यांवर बोलतो. या वेळचा विषय निराळा आहे, पण तो मी शोधून काढलेला नाही, तुम्हीच तो गट ऑफिसात आणलात. आपल्या कार्यक्षेत्रातली पुष्कळ मुले-मुली आता अभियांत्रिकी कॉलेजात शिकतात. त्यांतली काही कॅनसॅट नावाच्या स्पर्धेत उतरतात. मग घरी फोन येतो, आणि दुसऱ्या दिवशी वडील ऊस नोंदीचे निमित्त काढून येतात व हळूच विचारतात, "साहेब, पोरगी म्हणती आम्ही उपग्रह करायलोय, त्याच्या छत्रीच्या कापडाला पैसे धाडा. उपग्रहाला छत्री कशाला लागती? ह्यात काय खरं हाय का?"

खरे आहे. आणि छत्रीच त्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, हे सांगण्यासाठीच हा लेख. मी कृषी पदविकेचा माणूस, इंजिनिअर नव्हे. पण माझा पुतण्या या उद्योगात पडला, त्याच्या गटाच्या चार छत्र्या आमच्या घरच्या शिलाई मशीनवर शिवल्या गेल्या आणि त्यांचा हिशेब जेवताना रोज ऐकावा लागला. कान देऊन ऐकले तर तो हिशेब आपल्याला समजण्याजोगा आहे.

कॅन म्हणजे डबा आणि सॅट म्हणजे सॅटेलाइट. शीतपेयाच्या डब्याएवढ्या जागेत उपग्रहाचे सगळे अवयव बसवायचे : हवेचा दाब व तापमान मोजणारी यंत्रे, बॅटरी, आणि खाली जमिनीवर माहिती पाठवणारा छोटा रेडिओ. हा डबा खऱ्या अवकाशात जात नाही. लहान रॉकेट त्याला साधारण एक किलोमीटर उंच नेते, वर सोडून देते, आणि छत्रीला लटकून खाली येता येता तो आपले काम करतो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक बॉब ट्विग्ज यांनी १९९८ साली ही कल्पना मांडली, आणि १९९९ साली नेवाडा राज्यातल्या ब्लॅक रॉक वाळवंटात अमेरिकन व जपानी विद्यार्थ्यांचे असे डबे पहिल्यांदा उडाले. युरोपात २०१० पासून शाळकरी मुलांची स्पर्धा होते. आपल्याकडे इन-स्पेस ही केंद्राची संस्था आणि इस्रो यांनी ही स्पर्धा सुरू केली. २०२५ च्या जूनमध्ये त्यासाठीच्या रॉकेटची चाचणी उत्तर प्रदेशात कुशीनगर जिल्ह्यातल्या तमकुहीराज भागात झाली. कुशीनगर हा आपल्यासारखाच ऊसकऱ्यांचा जिल्हा. याचा संबंध पुढे येईल.

युरोपच्या नियमात डब्याचा व्यास ६६ मिलिमीटर, उंची ११५ मिलिमीटर आणि वजन ३०० ते ३५० ग्रॅम असते. छत्री, तिच्या दोऱ्या, कडी आणि रेडिओची तार या सगळ्यांना मिळून डब्याच्या डोक्यावर जागा किती? साडेचार सेंटिमीटर. आणि खाली येण्याचा वेग सेकंदाला ५ ते १२ मीटरच्या दरम्यान हवा. म्हणजे फार जोरात नको, तसेच फार हळूही नको. ही दुसरी अट ऐकली की घरची माणसे चक्रावतात. पोरांनी वर्षभर खपून केलेली वस्तू जितकी अलगद उतरेल तितके बरे की! "मोठी शिव ना छत्री, कापडाला कशाला कंजूसपणा," असे माझे थोरले बंधूच पुतण्याला म्हणाले होते. त्यांचे कुठे चुकत होते ते आता पाहू.

डबा वरून सोडला की पृथ्वी त्याला त्याच्या वजनाएवढ्या जोराने खाली ओढते. छत्रीवर आपटणारी हवा त्याला वर रेटते. वेग वाढेल तसा हा रेटा वाढतो, आणि ज्या वेगाला रेटा व वजन बरोबर भरतात त्या वेगावर डबा ठरतो. मग उरलेले अंतर तो त्याच चालीने उतरतो. छत्री नसेल तर ३५० ग्रॅमचा डबा ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाने जमिनीवर आदळेल, आणि पुढचे सांगायला नको.

रेटा चार गोष्टींवर अवलंबून आहे : कापडाचे क्षेत्रफळ, हवेचा दाटपणा, छत्रीचा आकार आणि वेगाचा वर्ग. यातला 'वर्ग' हा शब्द ध्यानात ठेवा, सगळी गंमत त्यात आहे. ३५० ग्रॅम म्हणजे इंजिनिअरांच्या मापात ३.४३ न्यूटन. त्याची दुप्पट ६.८६. समजा वेग सेकंदाला १० मीटर हवा आहे, त्याचा वर्ग १००. हवेचा दाटपणा १.२ धरू, म्हणजे एक घनमीटर हवा सव्वा किलोच्या आत भरते. आकाराचा आकडा सपाट कापलेल्या छत्रीला साधारण ०.८ धरतात. १०० गुणिले १.२ गुणिले ०.८ म्हणजे ९६. आता ६.८६ ला ९६ ने भागा. उत्तर ०.०७१५ चौरस मीटर. एवढ्या क्षेत्रफळाचे वर्तुळ काढले तर त्याचा व्यास ३० सेंटिमीटर येतो. म्हणजे शाळेतली एक फूटपट्टी आडवी ठेवली की झाली छत्री. कापड एक चौरस फूटसुद्धा लागत नाही. पैसे कापडाला मागितले असतील तर पोराला जरा खोलात विचारायला हरकत नाही, बरं का!

आता बंधूंच्या म्हणण्याप्रमाणे छत्री मोठी करू आणि वेग निम्मा, म्हणजे सेकंदाला ५ मीटर, आणू. वेग निम्मा म्हणजे त्याचा वर्ग चौथाई. तेव्हा कापड चौपट, आणि व्यास ६० सेंटिमीटर. उतरणे नक्कीच सौम्य होईल. १० मीटरच्या वेगाने आपटणे म्हणजे सतरा फुटांवरून, दीड मजल्यावरून, पडणे. ५ मीटरच्या वेगाने आपटणे म्हणजे चार फुटांवरून, छातीच्या उंचीवरून, पडणे. इथवर बंधूंचे बरोबर.

पण वारा आहे ना. एक किलोमीटर उंचीवरून सेकंदाला १० मीटरने उतरायला १०० सेकंद लागतात, ५ मीटरने २०० सेकंद. एवढा वेळ डबा वाऱ्याच्या स्वाधीन. ताशी १८ किलोमीटरचा वारा म्हणजे काही वादळ नव्हे, उसाचे शेंडे हलते ठेवणारा रोजचा वारा. तो डब्याला सेकंदाला ५ मीटर बाजूला नेतो. म्हणजे लहान छत्रीचा डबा अर्धा किलोमीटर दूर पडेल, मोठ्या छत्रीचा पूर्ण एक किलोमीटर. वरच्या थरात वारा कोणीकडचा आहे हे खालून धड कळत नाही, म्हणून शोध चहूबाजूंनी घ्यावा लागतो. अर्धा किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात सुमारे १९४ एकर रान येते. एक किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात पावणेआठशे एकर! आता हे रान नेवाडाचे वाळवंट असेल तर लाल छत्री मैलावरून दिसेल. पण आपल्या भागात कुणी ऑक्टोबर महिन्यात डबा उडवला आणि तो उभ्या आडसाली उसात गेला, तर बारा-बारा फूट उंच उसात डब्याएवढी वस्तू सापडायची कशी? तोडणी मजुरांना सापडली तर सापडली, तेही पाचट पेटवले नाही तर. कुशीनगरचे नाव मी घेतले ते यासाठी. उसाच्या मुलखात उपग्रह सोडणाऱ्याने वाऱ्याची भीती आधी बाळगावी, आपटण्याची मागून.

म्हणून छत्री जितकी मोठी तितकी चांगली हे खरे नाही. डबा किती आपटा सोसेल हे आधी ठरवायचे, तेवढा आपटा त्याला द्यायचा आणि उरलेला हिशेब वाऱ्यासाठी राखायचा. डब्याच्या तळाला स्पंजाचा थर दिला, आतली बॅटरी घट्ट बांधली, की १० मीटरचा वेग डबा खुशाल सोसतो. पोरांनी शेवटी नऊ मीटरचा वेग धरला. बंधू अजून म्हणतात की आठ धरायला हवा होता. हा वाद आमच्या घरात मिटलेला नाही.

हिशेबात दोन जागा नेहमी फसतात. एक म्हणजे छत्रीचे स्वतःचे वजन. १८३७ साली लंडनमध्ये रॉबर्ट कॉकिंग नावाचे साठी ओलांडलेले गृहस्थ स्वतः आखलेली छत्री घेऊन फुग्यातून वर गेले. छत्री उलट्या शंकूच्या आकाराची होती. खाली येताना ती मोडली आणि ते गेले. शंभर किलोहून अधिक भरणाऱ्या त्या छत्रीचे वजनच त्यांनी हिशेबात नीट धरले नव्हते, असे सांगतात. आपल्या डब्याच्या छत्रीचे कापड, दोऱ्या, कडी मिळून दहा-पंधरा ग्रॅम होतील, पण ते ३५० मध्ये धरूनच चालावे. दुसरी जागा हवेच्या दाटपणाची. १.२ हा आकडा समुद्रकाठच्या हवेचा. आपले देशावरचे पठार साडेपाचशे-सहाशे मीटर उंच. तिथे एप्रिलच्या दुपारी पारा ४० वर असताना हवा १.०५ च्या आसपास विरळ होते. तीच छत्री समुद्रकाठी थंडीत उतरेल त्यापेक्षा इथे सहा-सात टक्के वेगाने उतरते. पुस्तकातला आकडा रानात तसाच लागू होत नाही, हे खतांच्या मात्रांबाबत आपण अनुभवतोच.

आणि आकाराचा ०.८ हा आकडा तर निव्वळ अंदाज. खरा आकडा टाकून पाहिल्याशिवाय कळत नाही. इथे मुले घाई करतात. घराच्या गच्चीवरून, वीस-बावीस फुटांवरून, डब्याच्या वजनाचा दगड छत्रीला बांधून सोडतात आणि घड्याळ लावतात. वेग कमी दिसतो, सगळे खूश. पण दहा मीटरला ठरणारी छत्री तेवढ्या उंचीत आपल्या ठरलेल्या वेगाला पोचतच नाही, आठ-साडेआठपर्यंत येते तोवर जमीन आली. बारा मीटर, म्हणजे चाळीस फूट, पडू द्यावे आणि त्यापुढच्या पाच मीटरांचा वेळ मोजावा. म्हणजे पाच मजली इमारत नाहीतर पाण्याची उंच टाकी हवी. पुतण्याच्या गटाने कॉलेजच्या इमारतीवरून परवानगी काढून हे केले. वेळ मोजायला घड्याळ नको, हात चुकतो. बाजूने मोबाइलवर चित्रण करावे. त्यात सेकंदाला ३० चित्रे पडतात. पाच मीटरला १५ चित्रे लागली तर वेग बरोबर १० मीटर. दुरुस्तीही सोपी आहे. वेग ११ आला आणि ९ हवा असेल, तर व्यासाला ११ ने गुणून ९ ने भागायचे. ३० ची छत्री ३७ सेंटिमीटरची करायची, संपले.

कापडाबद्दल थोडे. सुती कापडातून हवा निसटते. तोंडावर धरून फुंकर मारली आणि पलीकडच्या हाताला लागली की ते कापड बाद. प्लॅस्टिकची पिशवी हवा धरते, पण एकदा चीर गेली की टरकन आरपार जाते. यासाठी रिपस्टॉप नावाचे नायलॉन मिळते. त्यात थोड्या थोड्या अंतरावर जाड धागे आडवे-उभे विणलेले असतात, बारीक चौकडी दिसते. चीर पडली तरी पुढच्या जाड धाग्याशी थांबते, शेताला बांध असतो तशी. हे न मिळाल्यास पावसाळी छत्रीचे कापडही चालते. रंग भडक घ्यावा. हिरवा मात्र नको, का ते उसवाल्यांना सांगायला नको.

छत्रीच्या मधोमध भोक पाडायचे, हे ऐकून आमच्या वहिनी शिवायच्या थांबल्याच. छत्रीला भोक? पण ते लागते. पॅरिसमध्ये २२ ऑक्टोबर १७९७ रोजी आंद्रे-जाक गार्नरँ हे फुग्यातून छत्रीने उतरले, तेव्हा त्यांच्या छत्रीला भोक नव्हते. आत कोंडलेली हवा कधी या काठाने, कधी त्या काठाने बाहेर पडे आणि टोपली घड्याळाच्या लंबकासारखी झोके खाई. ते वाचले, पण बेजार झाले. पुढे छत्रीच्या माथ्याला भोक ठेवण्याची रीत पडली. हवेला सरळ वाट मिळाली की ती काठावरून धडपडत नाही. ३० सेंटिमीटरच्या छत्रीला ३ सेंटिमीटरचे भोक पुरते. क्षेत्रफळाच्या मानाने ते शेकडा एकच, म्हणून वेगात म्हणण्यासारखा फरक पडत नाही. डब्यात कॅमेरा असेल तर झोके थांबणे फार गरजेचे, नाहीतर चित्रात नुसते आभाळ-जमीन, आभाळ-जमीन.

बाकी शिवणकामात मुलांपेक्षा घरातल्या बायकांना जास्त कळते, हे मी डोळ्यांनी पाहिले. काठ दुमडून दुहेरी टीप मारा, दोरी जिथे बसणार तिथे पट्टीचा तुकडा लावा, हे वहिनींनी न विचारता सांगितले. दोऱ्या गाठ मारल्यानंतर मोजायच्या, आधी नव्हे. गाठीत कमी-जास्त दोरी जाते, आणि एक दोरी आखूड झाली की छत्री एका अंगाला कलते. आमच्या पहिल्या छत्रीचे तसेच झाले होते. नायलॉनची गाठ सुटते, म्हणून तिच्यावर सरसाचा थेंब द्यावा. डबा फिरला की दोऱ्यांना पीळ पडून छत्री मिटते, त्यासाठी मासे धरायच्या गळाला असते ती फिरती कडी मध्ये घालावी. ही कडी बाजारात पाच मिनिटांत मिळते आणि तिच्यावर पोरांचे वर्षभराचे काम लटकते.

जोड किती मजबूत हवा? पुन्हा तो वर्ग आला. छत्री दहाच्या वेगाला ३५० ग्रॅमचा ओढा सोसते. पण उघडताना डबा तीसच्या वेगात असेल तर वेग तिप्पट, ओढा नऊपट, म्हणजे तीन किलोच्या वर, तोही एका हिसक्यात. युरोपच्या नियमात तर या जोडाने सुमारे ५० किलोचा ओढा सोसावा असे सांगितले आहे. तपासायला सोपे आहे : दोरी आढ्याला बांधायची आणि कडीला युरियाचे एक पोते लटकवायचे. ४५ किलोचे का होईना, धरले तर जोड बरा म्हणायचा.

एवढे करूनही छत्री उघडली नाही तर सगळे फुकट. ८ सप्टेंबर २००४ रोजी अमेरिकेचे जेनेसिस यान सूर्यापासून निघणाऱ्या कणांचे नमुने घेऊन तीन वर्षांनी परत आले. उटा राज्याच्या आकाशात त्याची छत्री उघडायची होती. ती उघडलीच नाही. यान हवेत शिरले हे ओळखणारे छोटे खटके उलटे बसवले गेले होते, त्यामुळे उघडण्याचा हुकूमच सुटला नाही. यान ताशी तीनशे किलोमीटरच्या वर वेगाने जमिनीत घुसले. शास्त्रज्ञांनी मातीतून तुकडे वेचून पुष्कळसे काम साधले ही गोष्ट वेगळी. विद्यार्थ्यांच्या डब्यात शक्यतो असा खटका ठेवूच नये असे माझे मत. रॉकेटातून बाहेर पडल्यावर वाऱ्याने आपोआप फुलेल अशी छत्री घडी करून वर ठेवावी. घडीत थोडी टाल्कम पावडर भुरभुरावी म्हणजे नायलॉन चिकटत नाही, आणि दोऱ्या छत्रीभोवती करकचून गुंडाळू नयेत. साडेचार सेंटिमीटरच्या जागेत घडी नीट बसणे हे हाताचे काम आहे, पन्नास वेळा करावे तेव्हा बसते.

माणसे घेऊन जाणाऱ्या आपल्या गगनयानालाही हेच शास्त्र लागू आहे, फक्त पसारा मोठा. त्याच्या कुपीला चार प्रकारच्या मिळून दहा छत्र्या आहेत. मुख्य छत्र्या तीन, एकेकीचा व्यास सुमारे २५ मीटर. त्यांतल्या दोन उघडल्या तरी कुपी सुखरूप उतरावी असा हिशेब केलेला आहे. या छत्र्या आग्र्याच्या संरक्षण संशोधन संस्थेच्या मदतीने तयार झाल्या. पोरांच्या डब्याला मात्र एकच छत्री आणि बहुधा एकच उड्डाण मिळते.

जाता जाता कामाची एक सूचना. हैदराबादच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या केंद्रातून मोठे संशोधन-फुगे सोडतात. त्यांची उपकरणे रंगीत छत्रीला लटकून कधी आपल्या महाराष्ट्रातल्या रानातही उतरतात. तसे जाहीर निवेदन वर्तमानपत्रात येते. अशी पेटी किंवा मुलांचा एखादा डबा कुणाच्या उसात, विहिरीवर, झाडात आढळला तर उघडू नका, दोऱ्या कापू नका, छत्रीचे कापड बैलाच्या झुलीला वापरू नका. पेटीत विजेची उपकरणे असू शकतात, लहान मुलांना लांब ठेवा. वर पत्ता किंवा फोन नंबर लिहिलेला असतो, त्यावर कळवा किंवा पोलीस पाटलांना सांगा. तेही जमले नाही तर आपल्या गट ऑफिसात निरोप द्या, पुढचे आम्ही पाहू. तोडणीच्या मुकादमांनाही हे सांगून ठेवावे, कारण फडात पहिली पावले त्यांचीच पडतात.